पळसाच्या फुलांचा खायचा रंग सेफ आहे हे ठरवायचं कसं

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नागपुरात तुमचं मिठाईचं छोटं युनिट आहे, संत्रा बर्फीत तुम्ही आतापर्यंत बाजारातला सनसेट यलो नावाचा कृत्रिम रंग टाकत होतात, आता रामटेककडून पळसाची फुलं आणून, वाळवून, तुरटीच्या पाण्यात उकळून त्याचा केशरी रंग काढून राहिल्या. घरचे सात जण होळीपासून दिवाळीपर्यंत तो रंग घातलेली बर्फी खाताहेत आणि कोणाला काही झालं नाही. एका लॅबमधून टेस्टिंग करून घेतलं, रिपोर्ट चांगला आला. आता पाकिटावर "नैसर्गिक आणि सुरक्षित रंग" असं छापायचं का, आणि अजून काही टेस्ट लागते का, असं विचारलंय.

सरळ सांगतो, छापू नका आणि तो रंग घातलेली बर्फी सध्या विकूही नका. तुमचा हेतू चांगला आहे, मेहनत तर दिसतेच आहे, म्हणूनच बसून सविस्तर लिहून राहिलो. माझी सव्वीस वर्षं टॉक्सिकॉलॉजीत, म्हणजे विषशास्त्रात गेली, त्यातली बरीचशी उंदरांच्या पिंजऱ्यांसमोर आणि उरलेली रिपोर्ट लिहिण्यात, त्यामुळे हे काम आतून कसं चालतं ते मला माहीत आहे.

आधी तो लॅबचा रिपोर्ट. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, बॅक्टेरियाची संख्या, बुरशी, ओलावा एवढं आहे. हे सगळं गरजेचं आहे, पण या रिपोर्टने फक्त एवढंच कळतं की रंगात बाहेरून आलेली घाण नाही. रंग स्वतः पोटात गेल्यावर काय करतो हा प्रश्न त्या लॅबला कोणी विचारलाच नाही आणि त्यांनी त्याचं उत्तरही दिलेलं नाही. हा घोळ मी दर महिन्याला बघतो, लोक "टेस्टेड" शब्द वाचतात आणि निश्चिंत होतात, टेस्ट कशाची झाली ते कोणी बघत नाही.

आता घरच्या सात जणांचं. सात लोकांना काही झालं नाही याचा गणिती अर्थ सांगतो, जरा धक्का बसेल. समजा एखादी वस्तू शंभरातल्या तीस लोकांना त्रास देते, तरी कुठलेही सात जण घेतले तर सगळेच्या सगळे सुटण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आसपास उरते, म्हणजे असं घडू शकतं. नेहमीची ९५ टक्के खात्री पकडली तर सातात शून्य याचा अर्थ एवढाच निघतो की त्रास होणाऱ्यांचं प्रमाण शंभरात साधारण पस्तीसच्या वर नसावं. त्रास शंभरात एकाच्या खाली आहे असं म्हणायचं तर अंदाजे तीनशे लोकांत एकालाही काही झालेलं नसलं पाहिजे. आणि हे सगळं दिसणाऱ्या त्रासाबद्दल, पोट बिघडणं, खाज, उलटी. लिव्हरवर हळूहळू येणारा ताण, पोटातल्या बाळावरचा परिणाम, वीस वर्षांनी होणारा कॅन्सर, यातलं काहीच होळी ते दिवाळीत घरात बसून दिसत नाही, दिसूच शकत नाही.

आपल्या विदर्भातल्या माणसाला हे समजायला लाखोळीची डाळ पुरेशी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे पिढ्यानपिढ्या खाल्ली, वरणात, भज्यांत, आणि एरवी कोणाला काही झालं नाही. पण दुष्काळात जेव्हा दोन-तीन महिने रोजच्या जेवणाचा मोठा हिस्सा फक्त लाखोळीच झाली तेव्हा जगभरात ठिकठिकाणी माणसांच्या पायातली ताकद कायमची गेली, कारण त्यात ओडॅप नावाचं मज्जातंतूंना मारणारं द्रव्य असतं. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आणायचा नियम झाला तो यामुळेच. म्हणजे तीच डाळ, तेच शेत, तीच माणसं, फरक फक्त किती आणि किती दिवस याचा. टॉक्सिकॉलॉजीत आम्ही दिवसभर याच दोन गोष्टींचा हिशोब करत असतो.

आणि नैसर्गिक म्हणून सोडून द्यायचं म्हणाल तर मॅडर नावाच्या झाडाची गोष्ट ऐका. आपल्या मंजिष्ठेचीच ती सख्खी चुलत बहीण, मुळांतून लाल-नारिंगी रंग निघतो, जपानमध्ये खायच्या रंगांच्या यादीत होता आणि मिठाई वगैरेत वापरला जायचा. मग उंदरांवर लांब पल्ल्याची टेस्ट झाली, किडनीत गाठी दिसल्या, त्यातली काही द्रव्यं डीएनएला इजा करणारी निघाली, आणि २००४ मध्ये जपानने तो रंग यादीतून काढून टाकला. पूर्ण नैसर्गिक, शेकडो वर्षांची परंपरा असलेला रंग. ती टेस्ट कोणी केलीच नसती तर आजही चालू असता.

पळसाबद्दल बोलायचं तर त्याची मला वेगळी काळजी वाटते. होळीला पळसाच्या पाण्याने खेळणं आणि ते पोटात घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कातडीतून जाणारं प्रमाण आणि आतड्यातून जाणारं प्रमाण सारखं नसतं. आजी लोकं पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, जंतांवर द्यायची, तेही मोजून. जे द्रव्य जंताला मारतं त्याच्यात जैविक ताकद आहे हे उघड आहे. शिवाय बियांमधल्या ब्युटिन नावाच्या घटकाने मादी उंदरांत गर्भ रुजण्यावर परिणाम होतो असे भारतातलेच जुने प्रयोग आहेत. तुम्ही बी वापरत नाही, फुलं वापरता, मान्य. पण फुलातला जो पिवळा-केशरी रंग आहे तो ब्युट्रिन, आयसोब्युट्रिन अशा द्रव्यांमुळे असतो, त्यांना साखर चिकटलेली असते, आणि मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया अशी साखर सहसा तोडून टाकतात. साखर तुटली की ब्युट्रिनमधून काय उरतं? ब्युटिनच. म्हणजे बी टाळलं तरी तेच द्रव्य फुलाच्या वाटेने पोटात तयार होऊ शकतं. याने नुकसान होतंच असं मी म्हणत नाहीये, पण बर्फी घेणाऱ्यांत गरोदर बाया असतात, लहान पोट्टे असतात, आणि त्यांच्यासाठी हा प्रश्न उघडा ठेवून माल विकता येत नाही.

बरं, मग करायचं काय. लोकांना वाटतं पहिली पायरी उंदीर. पहिली पायरी उंदीर नाहीच, पहिली पायरी म्हणजे तुमच्या बाटलीत नेमकं काय आहे ते ठरवणं, आणि नव्वद टक्के छोटे उद्योग इथेच अडकतात. तुम्ही मला तीन बाटल्या दाखवल्या होत्या, आठवतं ना, एक गडद केशरी, एक पिवळसर, एक जवळजवळ तपकिरी, तिन्हींवर लेबल एकच. झाडावरून तोडलेली फुलं, खाली पडून दोन दिवस उन्हात वाळलेली फुलं, रस्त्याकडेची फुलं, सगळं एकत्र. अशात टेस्ट कुठल्या बाटलीची करायची? केशरी बाटली पास झाली तर तपकिरी बाटलीला ते लागू होत नाही. त्यामुळे आधी पद्धत पक्की करा, किती किलो फुलं, किती लिटर पाणी, किती तापमान, किती मिनिटं, किती तुरटी, गाळणं कशाने, आणि मग वेगवेगळ्या तीन-चार-पाच बॅच एचपीएलसी मशीनवर, म्हणजे मिश्रणातली द्रव्यं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर, लावून बघा की त्यातली मुख्य द्रव्यं दर वेळी साधारण त्याच प्रमाणात येतात का. याला आम्ही स्पेसिफिकेशन म्हणतो. ते तयार नसताना केलेली पुढची कुठलीही टेस्ट म्हणजे पैसा पाण्यात.

तुरटीचा मुद्दा वेगळा लिहितो कारण तो तुमच्या लक्षात आलेला नाही. तुरटीने रंग खुलतो हे खरं, पण तुरटी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम. डब्ल्यूएचओ आणि एफएओ यांची जी तज्ज्ञ समिती आहे, जेईसीएफए, तिने २०११ मध्ये अ‍ॅल्युमिनियमसाठी आठवड्याला वजनाच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम अशी मर्यादा ठेवली आहे. १५ किलोच्या मुलाला आठवड्याचे ३० मिलिग्रॅम, आणि ते सगळ्या खाण्यातून मिळून. तुमच्या अर्कात अ‍ॅल्युमिनियम किती उरतं हे त्या रिपोर्टमध्ये तपासलेलंच नाही. जमलं तर तुरटीशिवाय रंग काढून बघा, थोडा फिका आला तरी चालेल.

दुसरी पायरी कागदावरची आहे, फुकट आहे, आणि सगळ्यात जास्त कामाची आहे. एका माणसाच्या पोटात दिवसाला किती जाणार? समजा तुम्ही बर्फीत २०० पीपीएम रंग टाकता, म्हणजे किलोला २०० मिलिग्रॅम. १५ किलो वजनाचं चार वर्षांचं पोरगं दिवाळीत १०० ग्रॅम बर्फी आरामात खाते, म्हणजे २० मिलिग्रॅम, वजनाच्या किलोला १.३३ मिलिग्रॅम. आता तुम्ही म्हणालात पुढे सरबतातही टाकायचाय, तर १०० पीपीएमचं २०० मिलिलिटर सरबत म्हणजे अजून २० मिलिग्रॅम. झाले ४०. हा हिशोब नेहमी जास्त खाणाऱ्या लहान मुलावर करायचा, सरासरी मोठ्या माणसावर नाही, कारण किलोमागे सगळ्यात जास्त रंग त्याच्या पोटात जातो. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

तिसरी पायरी, डीएनएला धक्का लागतो का ते बघणं. यासाठी एम्स टेस्ट, अमेरिकेतल्या ब्रूस एम्स यांनी १९७० च्या दशकात काढलेली, आजही पहिली हीच लावतात. यात साल्मोनेलाचे असे प्रकार वापरतात ज्यांना हिस्टिडिन नावाचं अमिनो अ‍ॅसिड स्वतः बनवता येत नाही, त्यामुळे हिस्टिडिन जवळपास नसलेल्या प्लेटवर ते वाढत नाहीत. तुमचं द्रव्य डीएनएत बदल घडवत असेल तर काही बॅक्टेरियांतली ती खोट उलटी फिरते आणि त्यांच्या वसाहती प्लेटवर उगवतात, दोन-तीन दिवसांनी त्या मोजायच्या. सोबत उंदराच्या लिव्हरचा अर्क घालून आणि न घालून अशा दोन्ही तऱ्हेने करतात, कारण काही द्रव्यं लिव्हरमधून गेल्यावरच घातक होतात. एका टेस्टने भागत नाही, सोबत पेशींवरची मायक्रोन्यूक्लियस टेस्ट करतात, त्यात तुटलेले क्रोमोझोम दिसतात.

फुलांच्या अर्कात इथे दोन सापळे आहेत. एक, अर्कात आधीच थोडं हिस्टिडिन असू शकतं, मग बॅक्टेरिया तेच खाऊन वाढतात आणि नवीन माणूस घाबरून पॉझिटिव्ह लिहून मोकळा होतो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत एका वनस्पतीच्या अर्काच्या प्लेट उजेडासमोर धरल्या तेव्हा वसाहती भरपूर आणि पाठीमागचा बॅक्टेरियाचा पातळ थर नेहमीपेक्षा दाट, दुधाळ दिसत होता, तो दाट थरच खूण असते, माझ्या सिनियरने बोट ठेवून दाखवलं तेव्हा कळलं. दुसरा सापळा म्हणजे क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं, जी कांद्यात, सफरचंदात असतात, ती एम्समध्ये हमखास पॉझिटिव्ह येतात, पण कॅन्सरवरच्या जागतिक संस्थेने, आयएआरसीने, १९९९ मध्ये क्वेर्सेटिनला गट ३ मध्ये ठेवलं, म्हणजे माणसात कॅन्सर करतं की नाही हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. पळसाचा रंग त्याच मोठ्या कुटुंबातला आहे, त्यामुळे तुमची एम्स पॉझिटिव्ह आली तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. तेव्हा हातपाय गाळायचे नाहीत आणि रिपोर्ट लपवायचाही नाही, पुढे जिवंत प्राण्यात तीच इजा दिसते का याची टेस्ट करायची. मॅडरच्या बाबतीत दिसली, क्वेर्सेटिनच्या बाबतीत तसं चित्र उभं राहिलं नाही, फरक तिथे कळतो.

चौथी पायरी, नव्वद दिवसांची उंदरांची टेस्ट. इथे उंदीर म्हणजे मोठे पांढरे रॅट. ओईसीडी या देशांच्या संघटनेची ४०८ नंबरची पद्धत आहे, तीन डोस आणि एक बिनडोसाचा गट, प्रत्येक गटात १० नर आणि १० मादी, एकूण ८० प्राणी. रोज डोस, दर आठवड्याला वजन, किती खाल्लं ते मोजायचं, शेवटी रक्त, लघवी, थायरॉइड, डोळे, आणि मग एकेक अवयव काढून वजन करून मायक्रोस्कोपखाली. डोस कसे ठरवायचे? वरचा आकडा काढा. बर्फी-सरबत मिळून ४० मिलिग्रॅम, १५ किलोचं मूल, म्हणजे किलोमागे २.७. याच्या किमान शंभर पट प्रमाणाला उंदराला काही होऊ नये, म्हणजे २७० च्या वर. तर वजनाच्या किलोमागे साधारण १००, ३०० आणि १००० मिलिग्रॅम असे तीन डोस मी निवडेन.

शंभर पट का? माणूस उंदरापेक्षा दहा पट नाजूक असू शकतो आणि माणसामाणसांत दहा पट फरक असू शकतो असं धरून १० गुणिले १०, ही पद्धत १९५० च्या दशकापासून चालत आली आहे. उंदराला काहीच झालं नाही असा सगळ्यात मोठा डोस घ्यायचा, शंभराने भागायचा, आणि जो आकडा येतो तो माणसाने आयुष्यभर रोज खाल्ला तरी चालेल असं मानायचं, यालाच एडीआय म्हणतात. तुमच्या रंगाचा ३०० ला काही झालं नाही आणि १००० ला लिव्हर वाढलं असं समजू. मग एडीआय किलोमागे ३ मिलिग्रॅम, १५ किलोच्या मुलाला दिवसाला ४५ मिलिग्रॅम. त्याच्या पोटात जाताहेत ४०. काठावर! त्यात टेस्ट आयुष्यभराची नसून नव्वदच दिवसांची म्हणून वरून अजून दोनने भागा म्हणतात बरेच परीक्षक, मग २२.५ च उरले आणि सरबत गेलं, फक्त बर्फी राहिली. असा हिशोब असतो, ताई, "सेफ आहे का" याचं उत्तर हो-नाही असं नसतं, किती टाकल्यावर आणि कशात टाकल्यावर, असं असतं. तुलनेसाठी सांगतो, तुम्ही जो सनसेट यलो सोडला त्याचा एडीआय ४ आहे आणि आपल्याकडे मिठाईसारख्या पदार्थांत कृत्रिम रंगाची मर्यादा साधारण १०० पीपीएम आहे. तो रंग प्रमाणात वापरला तर हा हिशोब त्याच्या बाबतीत झालेला आहे, पळसाच्या बाबतीत झालेलाच नाही. तुम्हाला हे ऐकायला आवडणार नाही, पण खरं आहे.

या नव्वद दिवसांत काय काय बिघडू शकतं ते लिहिलं नाही तर उत्तर अर्धवट राहील. एका लॅबमध्ये, नाव सांगत नाही, मे महिन्यात रात्री एसी बंद पडला, जनरेटर उचलला नाही. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. प्राण्यांच्या खोलीत २२ च्या आसपास तापमान ठेवायचं असतं, सकाळी आम्ही गेलो तर थर्मामीटर ३७ दाखवत होता आणि उंदीर पिंजऱ्याच्या तळाला पोट पसरून पडलेले, श्वास भरभर, काहींनी लाळेने सगळं अंग ओलं केलेलं, ते तसंच थंड करतात स्वतःला. सत्तरावा दिवस होता. त्या दिवसानंतरचं वजन, रक्तातले आकडे, काहीच औषधामुळे की उन्हामुळे सांगता येत नव्हतं. वरून दबाव आला की एवढी रात्र नोंदीतून गाळा. नाही गाळली, स्टडी रद्द झाली, ऐंशी जीव वाया गेले, मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून लॅब निवडताना जीएलपी, म्हणजे प्रयोग आणि नोंदी नियमाने ठेवल्याचं, सर्टिफिकेट बघा, ते केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाखालची यंत्रणा देते, आणि प्राण्यांच्या प्रयोगांसाठी सीसीएसईए या सरकारी समितीची परवानगी आहे का ते बघा. आणि शक्यतो स्वतः जाऊन विचारा की लाईट गेल्यावर काय करता. उत्तर देताना समोरचा अडखळला तर निघून या.

दुसरी गोष्ट, पळस तुरट आहे. खाण्यात मिसळून दिला तर उंदीर कमी खातील, वजन घटेल आणि रिपोर्टमध्ये दिसेल की रंगाने वजन घटवलं. खरं कारण चव. त्यामुळे नळीने पोटात द्यायला सांगा, किंवा तेवढंच कमी खाणं दिलेला एक वेगळा गट ठेवायला सांगा. तिसरं, रंग म्हटलं की लघवी आणि लेंड्या रंगीत येतात, पिंजऱ्याकडे बघूनच कळतं हा कुठला गट, मग बघणाऱ्याचं मन नकळत झुकतं. त्यामुळे स्लाइड वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला, निदान दुसऱ्यांदा वाचताना, गट माहीत नसावा. आणि पिंजऱ्यांच्या जागा फिरवत राहायला सांगा, वरच्या रांगेत ट्यूबलाईटजवळ सतत राहिलेल्या पांढऱ्या उंदरांचे डोळे उजेडानेच खराब होतात, मग लोक त्याला औषधाचा परिणाम समजतात.

पाचवी पायरी तुमच्या बाबतीत टाळता येणार नाही, गर्भावरची टेस्ट. गरोदर माद्यांना डोस देऊन पिल्लं तपासायची, गटाला साधारण वीस माद्या, आणि बियांबद्दलची माहिती बघता मी तर गर्भ रुजण्याच्या दिवसांपासून डोस द्या असंच सांगेन. दोन वर्षांची कॅन्सरची टेस्ट, गटाला ५० नर ५० माद्या, तिचा खर्च कोटीच्या घरात जातो, ती लगेच लागेलच असं नाही, आधीच्या टेस्ट स्वच्छ आल्या तर बऱ्याचदा लागत नाही.

उंदराला जे होतं ते माणसाला होतंच का, असं तुमच्या मुलाने विचारलं होतं. चांगला प्रश्न आहे. सॅकरिन या कृत्रिम गोड पदार्थाने नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी झाल्या, कॅनडाने १९७७ मध्ये बंदी आणली, अमेरिकेत पाकिटावर इशारा छापावा लागला. नंतर कळलं की नर उंदराच्या लघवीत प्रोटीन आणि कॅल्शियम फॉस्फेट इतकं असतं की सॅकरिनच्या मोठ्या डोसला त्यात बारीक खडे होतात, ते आतल्या त्वचेला घासतात आणि त्यातून गाठी. माणसाच्या लघवीत तसं होत नाही. २००० मध्ये तो इशारा काढला. म्हणजे उंदराचं उत्तर आंधळेपणाने घ्यायचं नाही, आणि झिडकारायचंही नाही, ते कुठल्या रस्त्याने झालं ते शोधायचं. त्याला वीसेक वर्षं लागली.

तज्ज्ञांतही एकमत नसतं कधी. टायटॅनियम डायॉक्साइड, मिठाई-च्युइंगमला पांढरं करणारा रंग, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये म्हटलं की डीएनएला इजा होण्याची शंका आम्ही दूर करू शकत नाही, आणि २०२२ मध्ये युरोपात बंद झाला. जेईसीएफएने २०२३ मध्ये तोच पुरावा बघून म्हटलं की काळजीचं कारण नाही. दोघांनी वेगवेगळा प्रश्न विचारला, एकाने विचारलं शंका उरते का, दुसऱ्याने विचारलं पुरावा पुरेसा आहे का. तसंच अ‍ॅस्पार्टेमचं, हाही साखरेऐवजी वापरायचा गोड पदार्थ, २०२३ मध्ये आयएआरसीने गट २बी मध्ये, म्हणजे कदाचित कॅन्सर करू शकेल अशा गटात, टाकलं तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर धुमाकूळ झाला, पण त्याच गटात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, आणि त्याच महिन्यात जेईसीएफएने एडीआय ४० वरच कायम ठेवला. गट हा पुरावा किती पक्का ते सांगतो, किती खाल्ल्यावर त्रास ते सांगत नाही.

एक गोष्ट मात्र उंदरांच्या ठरलेल्या टेस्टमध्ये नीट पकडली जात नाही आणि मला ती टोचते, मुलांचं वागणं. २००७ मध्ये इंग्लंडमधल्या साउदम्प्टनला तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण सरबतातून दिलं, कोणाला काय दिलं हे ना आईबापांना माहीत ना मुलांना, आणि काही मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. परिणाम लहान होता, सगळ्या मुलांत नव्हता, कुठल्या एका रंगामुळे हेही ठरलं नाही. तरी युरोपने २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर मुलांच्या लक्षावर परिणाम होऊ शकतो असा इशारा छापायला लावला. सनसेट यलो त्या सहांत आहे. त्यामुळे तो सोडावासा वाटणं चूक नाही, मी तुमच्या जागी असतो तर मलाही वाटलं असतं.

आता कायद्याचं आणि कामाचं. आपल्याकडे मंजूर नैसर्गिक रंगांत कॅरोटीन, हळदीचा कर्क्युमिन, केशर, शेंद्रीचा अ‍ॅनाटो असे आहेत. पळस त्यात नाही. यादीत नसलेला रंग विकायचा तर एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेकडे २०१७ च्या नियमांखाली आधी मंजुरी घ्यावी लागते, त्यात वरचं सगळं डोसियर लागतं. नव्वद दिवसांच्या एका टेस्टचाच खर्च लाखांत जातो, एकट्या छोट्या युनिटला हे झेपणार नाही हे मला दिसतंय. त्यामुळे दोन रस्ते सुचवतो. बर्फीसाठी आजच बीटा कॅरोटीन किंवा अ‍ॅनाटोवर या, केशरी रंग छान येतो, लेबलवर मंजूर नैसर्गिक रंग आहे असं कायद्यानेच लिहिता येतं, आणि गिऱ्हाइकाशी खोटं बोलावं लागत नाही. फक्त पदार्थाप्रमाणे किती टाकायचा ती मर्यादा बघून घ्या. पळसाचं काम सोडू नका, पण ते वेगळ्या खात्यावर चालवा. फुलं गोळा करणाऱ्या बायांचा गट आणि तुमच्यासारखी चार-पाच युनिटं मिळून एखाद्या कॉलेजच्या फूड टेक्नॉलॉजी विभागाकडे जा, इथे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटसारखी जुनी संस्था आहे, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये स्पेसिफिकेशनचं काम बरंच स्वस्तात होऊ शकतं. ते झालं की एम्स आणि मायक्रोन्यूक्लियस जीएलपी लॅबमधून. तिथे डीएनएची खरी इजा दिसली तर थांबायचं, पुढचे लाखो वाचले. स्वच्छ आलं तर मग उंदीर, आणि तेव्हा पैशासाठी सरकारी योजनेकडे जाताना हातात काहीतरी ठोस असेल.

घरच्यांचं काय, असं विचारलं नाही पण सांगतो. घाबरून रक्ताच्या तपासण्या करत बसू नका, त्यातून काही कळणार नाही. फक्त खाणं बंद करा, आणि तुमच्या सुनेला दिवस गेले आहेत असं तुम्ही लिहिलंय, तर तिला आजपासूनच नको.

पळस आता फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलेल. यंदा फुलं आणताना जमिनीवरची उचलू नका, झाडावरचीच घ्या, तीन वेगळ्या ठिकाणची तीन वेगळ्या पोत्यांत ठेवा, हायवेपासून लांबची. प्रत्येक पोत्यावर गाव, तारीख, कोणी तोडली ते लिहा, सावलीत वाळवा, आणि प्रत्येकातली अर्धा किलो वाळकी फुलं घट्ट झाकणाच्या बरणीत अंधारात बाजूला ठेवून द्या, ती उकळायची नाहीत, एचपीएलसीला तीच लागतील. तुमच्या त्या तीन जुन्या बाटल्याही फेकू नका, फ्रीजमध्ये ठेवा, निदान तपकिरी रंग कशाने आला ते तरी बघू.